वॉटरजेटचा हाय प्रेशर पंप: एकाच बाजूचं सील सारखं का जातंय?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वॉटरजेटवाले (उच्च दाबाच्या पाण्याने धातू कापणारे) इथे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय.

पंप ५० एचपीचा इन्टेन्सिफायर (तेलाच्या दाबावर पाण्याचा दाब वाढवणारा), दोन्ही बाजूंनी मारणारा. दाब ५५ ते ५८ हजार पीएसआय, म्हणजे साधारण ३,८०० ते ४,००० बार. काम बहुतेक स्टेनलेस आणि जाड अ‍ॅल्युमिनियमचं, ऑरिफिस (धार निघते ते बारीक भोक) ०.३५ मिमी. उजव्या बाजूचं हाय प्रेशर सील सहा-सातशे तास आरामात जातं. डावं मात्र हल्ली दीड-दोनशे तासांतच वीप होलमधून (गळती दाखवणाऱ्या भोकातून) पाणी टाकायला लागतं. सील बदललं, बॅकअप रिंग (सीलला मागून आधार देणारी) नवी घातली, ओ-रिंग नवी घातली. काही दिवस शांत, मग थेंब, मग धार.

उतरवलेलं डावं सील बघितलं तर मागची कड एका बाजूने पापुद्र्यासारखी बाहेर ओढली गेलेली आणि तुळतुळीत झालेली. उजवीकडचं जुनं सील तसं नाही. ते सगळीकडून सारखं घासलेलं आहे, आकार मात्र शाबूत.

आमच्याकडे मत असं आहे की किट हलक्या प्रतीचं आलंय. मला ते पटत नाही, कारण त्याच पाकिटातलं दुसरं सील उजवीकडे बिनतक्रार चाललंय. मग डावीकडे नक्की काय बघू?

गार्नेटकण

प्लंजरवर (पाणी दाबणाऱ्या दांड्यावर) ओरखडा असणार. नख फिरवून बघा. नखाला लागला तर सीलला लागणारच.

रात्रपाळी

बघितला. पुसून, उजेडात धरून, भिंगाखाली. नखाला काही लागत नाही. एका ठिकाणी पुसट डाग आहे, पण तो पृष्ठभागावरचाच वाटतो.

सुपरवायझर१

इतका विचार कशाला? ५०० तास झाले की दोन्ही बाजूंची सीलं, बॅकअप रिंगा, चेक व्हॉल्व्हचे (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) पॉपेट म्हणजे आतली उघडझाप करणारी झडप आणि स्प्रिंगा सगळं एकदम बदलून टाकायचं. आमच्याकडे कॅलेंडरवर लाल खूण असते. मधे पंप उघडायचाच नाही. जाड प्लेटमध्ये अर्ध्या कापात दाब पडला तर ती प्लेट वाया जाते, तिच्यापुढे एका किटची काय कथा!

जुनाफिटर

> दोन्ही बाजूंची ... सगळं एकदम बदलून टाकायचं

यांच्या बाबतीत निदान आत्ता तरी हे करू नये. उजवी बाजू नीट चालतेय ही धागाकर्त्याच्या हातातली सगळ्यात मोठी माहिती आहे. तेच पाणी, तेच तेल, तोच दाब, तोच ऑपरेटर. म्हणजे दोष डावीकडच्या चार-पाच भागांतच कुठेतरी आहे. दोन्ही बाजू एकदम नव्या केल्या की तुलना करायला काही उरत नाही.

रात्रपाळी, पाना हातात घ्यायच्या आधी पंप चालू असताना तीन गोष्टी बघा आणि इथे लिहा.

स्ट्रोकची वेळ. शिफ्ट होताना (प्लंजर दिशा बदलताना) प्रॉक्सिमिटी स्विचचे दिवे लागतात, त्यावरून डावीकडे जाताना किती वेळ लागतो आणि उजवीकडे जाताना किती, ते मोबाइलवर चित्रण करून मोजा. दोन्ही सारखे हवेत.

तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंच्या पाणी आत येणाऱ्या नळ्या आणि दोन्ही एंड कॅप (सिलिंडरच्या टोकाची झाकणं). हात लावून नाही, बंदुकीने. कापायला लागून दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर.

तिसरी गोष्ट, नोझल बंद ठेवून पंप पूर्ण दाबावर उभा करा. पाणी बाहेर जायला वाट नाही, तर प्लंजरने जवळजवळ थांबायला हवं. तो सरकत राहिला आणि मधूनमधून शिफ्ट होत राहिला, तर पाणी कुठेतरी निसटतंय. वेग जितका जास्त, तितकी गळती मोठी.

आणि सीलच्या त्या कडेबद्दल. घासून मेलेलं सील आणि तापून मेलेलं सील वेगळं दिसतं. तुम्ही जे वर्णन करताय ते मला दुसऱ्या प्रकारातलं वाटतंय. ही सीलं अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची असतात. झिजायला चिवट, पण उष्णता अजिबात सहन होत नाही. जरा मऊ पडलं की ४,००० बारचा दाब त्याला प्लंजर आणि बॅकअप रिंगमधल्या फटीत ढकलतो. तुमचा पापुद्रा तोच.

नवशिक्या

मधेच विचारतो, माफ करा. पाणी तर थंड असतं, मग आत तापतं कशाने? घर्षणाने का?

जुनाफिटर

घर्षणाने थोडं. खरं तापतं ते गळतीने. दाब द्यायला जी ऊर्जा घातली, ती पाणी नोझलमधून गेलं तर वेगात बदलते, आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने पाणी बाहेर पडतं. तेच पाणी एखाद्या बारीक फटीतून निसटलं तर वेग तिथेच मोडतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होते. ४,००० बारवरून शून्यावर येणारं पाणी कागदावरच्या हिशोबाने ऐंशी अंशांच्या आसपास तापतं. म्हणून गळती शोधायला डोळ्यांपेक्षा थर्मामीटर जास्त कामाचा.

आवाजओळख

आणि कान. आमचा ऑपरेटर दुसऱ्या खोलीतून सांगतो की शिफ्ट लंगडतेय.

रात्रपाळी

मोजलं.

डावीकडे जाणारा स्ट्रोक स्पष्ट वेगाने होतोय. चित्रण संथ करून बघितलं तर उजव्याच्या पाऊणपट वेळ लागतो. नोझल बंद करून उभा केला तर प्लंजर थांबत नाही, सावकाश सरकतो. तापमान: उजवी इनलेट नळी २८ अंश, डावी इनलेट नळी ५५ ते ६०. एंड कॅपही डावी जास्त गरम, पण नळीइतका फरक नाही.

आत्ता नवीन सील आहे, वीप होल दोन्हीकडची कोरडी आहेत.

तिसरा_प्लंजर

डावा स्ट्रोक वेगाने म्हणजे डावीकडचा आउटलेट चेक व्हॉल्व्ह गेला. आउटलेट बदला.

जुनाफिटर

> डावा स्ट्रोक वेगाने म्हणजे डावीकडचा आउटलेट

उलटं आहे. नीट बघू, कारण इथेच बरेच जण चुकीचा भाग उघडतात.

डावा प्लंजर दाबत असताना डावा आउटलेट उघडा असतो, पाणी त्यातूनच जायचं असतं. त्या वेळी तो गळका असला काय आणि नसला काय, फरक पडत नाही. तो त्रास देतो उजवा प्लंजर दाबत असताना: उजव्याने तयार केलेला दाब डाव्या आउटलेटमधून उलटा डाव्या सिलिंडरमध्ये शिरतो. म्हणजे डावा आउटलेट गेला तर उजवा स्ट्रोक वेगाने होतो.

डावा स्ट्रोक वेगाने होण्याला तीन संशयित: डावा इनलेट, डावं सील, उजवा आउटलेट. सील गळत असतं तर वीप होल ओलं असतं. उजवा आउटलेट असता तर गरमी उजव्या एंड कॅपला दिसली असती. इथे गरम आहे ती डावी इनलेट नळी, म्हणजे दाबलेलं पाणी इनलेटमधून मागे, पुरवठ्याच्या नळीत परत येतंय. डावा इनलेट चेक व्हॉल्व्ह. तेच तापलेलं पाणी पुढच्या स्ट्रोकला परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं, पुन्हा दाबलं जातं, पुन्हा थोडं निसटतं. सील त्या पाण्यात बसलंय.

तुमची सीलं मरतायत ती त्या इनलेटपायी.

तिसरा_प्लंजर

बरोबर. आमचा डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर क्रँकवरून सरळ प्लंजर हलवते तो) आहे, तिथे डावं-उजवं नसतं, त्यामुळे तसा विचार करायची सवय नाही.

नवशिक्या

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मग कुठला प्लंजर गेला हे कसं कळतं?

तिसरा_प्लंजर

तीन प्लंजर, क्रँकवर. प्रत्येक सिलिंडरची नळी आणि हेड वेगवेगळं मोजतो, तिन्हींत जो निराळा तो संशयित. तत्त्व तेच. फरक असा की आमचे प्लंजर मिनिटाला काही शे वेळा पुढेमागे होतात, इन्टेन्सिफायरचे काही डझन. त्यामुळे छोटा दोष फार लवकर मोठा होतो. शिवाय नोझल बंद झालं तरी आमचा पंप थांबत नाही, पाणी डंप व्हॉल्व्हमधून सोडावं लागतं, त्या व्हॉल्व्हची सीट वेगळी झिजते. क्रँककेसचं तेल दुधाळ दिसलं तर समजायचं की पाणी सीलच्या मागून आत उतरलंय, तेव्हा मात्र पाळी संपायची वाट बघायची नाही. बेअरिंगं जातात.

वीज कमी खातो हे खरं. मोटरची बहुतेक ताकद पाण्यापर्यंत पोचते, मधे हायड्रॉलिक तेल नाही. पण ५०-५५ हजारांच्या वर नेऊन रोज चालवायचा तर मीही इन्टेन्सिफायरच घेईन.

पाणीपुरवठा

इनलेट चेक व्हॉल्व्ह बदलाल, पण तो गेला कशाने? रात्रपाळी, पाण्याचे आकडे द्या. टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, आरओ आहे का, फिल्टर किती मायक्रॉन, फिल्टरच्या आधी-नंतरचा दाब किती?

रात्रपाळी

टीडीएस ११०-१२० च्या आसपास, सॉफ्टनर आहे, आरओ नाही. फिल्टर १० मग १ मग ०.५ मायक्रॉन. बूस्टर पंपानंतर साडेपाच बार, फिल्टरनंतरही साडेपाचच. फिल्टर चांगले आहेत, दाब पडतच नाही.

गार्नेटकण

मी तर सांगेन आरओ बसवा, टीडीएस जितका कमी तितकं बरं. सगळे प्रश्न संपतील.

पाणीपुरवठा

> टीडीएस जितका कमी तितकं बरं

अजिबात नाही. क्षार फार असतील तर ऑरिफिसच्या तोंडावर साचतात, जेट फाटतो, त्यातही सिलिका सगळ्यात वाईट, कारण ती सॉफ्टनरने जात नाही. पण पाणी अगदीच निव्वळ केलं तर ते भुकेलं असतं, धातूतून आयन ओढायला लागतं. पॉपेट, सीट, नळ्यांचे कोन, सगळीकडे बारीक खड्डे. अतिशुद्ध पाण्यावर चालणाऱ्या पंपाचे चेक व्हॉल्व्ह मी उघडलेत, चमक गेलेली, पृष्ठभाग मॅट झालेला. आरओ लावला तरी थोडं कच्चं पाणी मिसळून टीडीएस वर आणतात ते त्यासाठीच. १०० च्या आसपासचा आकडा उत्तम आहे, त्याला हात लावू नका. सिलिका मात्र एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, टीडीएस मीटर ती वेगळी दाखवत नाही.

मला खटकलं ते दुसरंच. ०.५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून मिनिटाला चार-पाच लिटर पाणी जातंय, कूलिंगचं धरलं तर जास्तच, आणि दाबात *काहीच* फरक नाही? नव्या काडतुसातही (फिल्टरच्या आतल्या गाळण्यातही) थोडा तरी फरक दिसतो, आणि जसं ते भरत जातं तसा वाढतो. जो फिल्टर कधी चोंदतच नाही तो गाळत नसतो. पाणी काडतुसाच्या बाजूने जातंय. हाउसिंग उघडा आणि काडतुसाच्या दोन्ही टोकांचे वॉशर बघा.

आवाजओळख

हे भारी होतं. आमच्याकडे आत्ताच जाऊन गेज बघून आलो. आमच्यात फरक आहे, हुश्श.

सुपरवायझर१

गेज खराब असेल कदाचित. दोन्ही गेजं एकाच वयाची असतात, एक अडकलेला असू शकतो.

पाणीपुरवठा

शक्य आहे. पंप बंद करून दोन्ही शून्यावर येतात का बघायचं, मिनिटाचं काम. पण हाउसिंग उघडाच.

जुनाफिटर

उघडताय तर थोडं सुरक्षेचं, कारण धाग्यावर नवी मंडळी आहेत.

पंप बंद केला म्हणजे दाब गेला असं नाही. अ‍ॅटेन्युएटरमध्ये (दाबाचे चढउतार सावरणाऱ्या टाकीत) दाबलेलं पाणी असतं. पाणी दबत नाही हे शाळेतलं वाक्य इथे विसरायचं. ४,००० बारवर ते जवळपास १२ टक्के आकसतं, म्हणजे स्ट्रोकचा पहिला भाग नुसतं पाणी आकसण्यातच जातो, बाहेर काही येत नाही. शिफ्टच्या त्या क्षणी दाब पडू नये म्हणून तर तो अ‍ॅटेन्युएटर लावलेला असतो. ब्लीड-डाउन व्हॉल्व्ह (कोंडलेला दाब सोडणारा) उघडला, गेज शून्यावर आला, नोझलही उघडून पाणी थांबलेलं बघितलं, मेन स्विचला कुलूप लावलं, मग पाना.

आणि चालू पंपावर गळती शोधायला बोट फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. या दाबाचं पाणी कातडीत घुसतं तेव्हा बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं आणि आतलं मांस लांबवर फाडलेलं असतं, पाण्यासोबत घाण आत गेलेली असते. कुणाला झालंच तर मलमपट्टी करून घरी पाठवायचं नाही. ताबडतोब शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे, आणि तिथे स्पष्ट सांगायचं की हे उच्च दाबाच्या पाण्याने झालंय, दाब इतका होता, पाण्यात गार्नेट (कापण्यासाठी मिसळलेली वाळू) होतं की नव्हतं. तपासणाऱ्याला नुसत्या भोकावरून अंदाज येत नाही.

नवशिक्या

वीप होलमधून पाणी जमिनीवर सांडतं म्हणून आमच्याकडे एकाला प्लग मारलेला आहे. चालेल ना?

जुनाफिटर

उद्या सकाळी पहिलं काम, तो प्लग काढा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, गळती कुठल्या सांध्यातून आहे हे सांगायला आणि दाब कोंडू नये म्हणून. ते बुजवलं की पाणी दुसरी वाट शोधतं, हायड्रॉलिक तेलात शिरण्याची वाटही त्यातच आली. खाली ट्रे ठेवा. आणि कुठल्या भोकातून काय येतंय ते वहीत लिहा: पाणी आलं तर हाय प्रेशर सील किंवा एंड कॅपचा सांधा, तेल आलं तर हायड्रॉलिक सील.

रात्रपाळी

अपडेट. लांबलचक आहे.

आधी फिल्टर. पाणीपुरवठा यांना साष्टांग नमस्कार. ०.५ मायक्रॉनच्या हाउसिंगमध्ये वरच्या टोकाचा रबरी वॉशर दुमडून बसलेला होता आणि काडतूस एका बाजूने उचललेलं. नखाएवढी फट. काडतूस आतून-बाहेरून जवळजवळ पांढरंशुभ्र. आधीचं १ मायक्रॉनचं मात्र तपकिरी झालेलं, म्हणजे निदान ते तरी काम करत होतं. त्याच्यापुढची नळी जुनी आहे, आतून गंजाचे कण सुटतायत. शेवटचं गाळणंच निकामी, त्यामुळे ते कण सरळ पंपात.

मग डावा इनलेट. पॉपेटच्या बसायच्या जागेवर, सीटच्या चकचकीत कड्यावर, एक आडवी रेघ. केसाएवढी रुंद असेल. आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग गेलेली, कडा गोलसर, जणू कुणी बारीक कानशीने कोरलीय. पॉपेटवर अगदी समोरासमोर तशीच खूण. उजव्या बाजूचा उघडला नाही, जुनाफिटरकाकांचं ऐकलं.

नवीन पॉपेट, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी घातली. सील तेच ठेवलं. आधी कमी दाबावर चालवून सगळे सांधे बघितले, मग टप्प्याटप्प्याने वर नेला. आता डावी इनलेट नळी २९, उजवी २८. स्ट्रोक दोन्हीकडे सारखे.

पण नोझल बंद करून उभा केला तर प्लंजर अजूनही सरकतो. आधीपेक्षा खूप हळू, तरी सरकतो.

पाणीपुरवठा

ती रेघ म्हणजे पाण्याने कोरलेली नाली. एखादा कण सीटवर अडकतो, पॉपेट पूर्ण बसत नाही, त्या फटीतून पाणी सुटतं आणि मग धातूच खात जातं. कण कधीच निघून गेलेला असतो, नाली मागे राहते. फिल्टरपुढची ती गंजकी नळीही बदला, नाहीतर चांगला वॉशर लावूनही तिचे कण त्या काडतुसावर येतच राहणार. फिल्टर शक्य तितका पंपाजवळ हवा.

जुनाफिटर

उरलेलं सरकणं बहुधा पंपात नाही. ब्लीड-डाउन व्हॉल्व्हच्या ड्रेनची नळी बघा, थेंब पडतोय का, गरम आहे का. तिथे नसेल तर कटिंग हेडचा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह: बंद असताना नोझलमधून पाणी ठिबकतंय का? त्याची सुई आणि सीट झिजली की तसं होतं. मग नळ्यांवरचे स्विव्हल (फिरते सांधे). एकेक बाजूला काढत जा.

आणि ऑरिफिस किती तास झालेला आहे?

रात्रपाळी

माणकाचा आहे. तास लिहिलेले नाहीत, पण बरेच झालेत.

जुनाफिटर

मग तोही बघा. माणिक किंवा नीलमणी असेल तर शंभर तासांच्या आतच कड जाते, हिऱ्याचा त्याच्या कितीतरी पट टिकतो. कड झिजली की भोक मोठं होतं, पाणी जास्त जातं, पंपाला जास्त स्ट्रोक मारावे लागतात. ०.३५ चा ०.४० झाला तर क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढलं. ५० एचपीला ०.३५ मध्येच बहुतेक क्षमता संपलेली असते. मग दाब टिकत नाही, लोक म्हणतात पंप थकला आणि किट मागवतात. नोझल बंद करून दाब बरोबर टिकतो, उघडल्यावरच पडतो, असं असेल तर आधी ऑरिफिस.

सुपरवायझर१

हे सगळं ठीक आहे, पण प्रत्येक कारखान्यात असा शेरलॉक होम्स नसतो. रात्रीच्या पाळीला दोन नवी पोरं असतात. त्यांना "५०० तास, बदल" एवढंच सांगता येतं. तासांवर बदलण्यात तोटा काय, ते तरी सांगा.

जुनाफिटर

तोटा असा की दर उघडण्यात काहीतरी बिघडायची संधी असते. आट्यांना ग्रीस कमी पडलं की गॉल होतात, म्हणजे एकमेकांत घासून चिकटतात. सिलिंडरच्या बोअरला पाना टेकला की ओरखडा. हे सिलिंडर बनवतानाच मुद्दाम जादा दाब देऊन आतल्या थरात कायमचा उलटा ताण बसवलेला असतो, म्हणून ते कोट्यवधी स्ट्रोक सोसतात. आतल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की भेग तिथून सुरू होते. साफ करताना पॉलिश पेपरही लांबीच्या दिशेने ओढायचा नाही, लांब रेघ म्हणजे पाण्याला तयार रस्ता.

तरीही तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. सील, ओ-रिंग, पॉपेटची स्प्रिंग असल्या गोष्टी तासांवर बदलाव्यात, मोठ्या कामाच्या आधी तर नक्कीच. माझं भांडण आहे ते तास भरायच्या *आधी* मेलेल्या सीलशी. ५०० चं सील १५० ला गेलं तर नवीन घालून मोकळं व्हायचं नाही. त्या दिवशी पोरांना एवढंच शिकवा: बदलण्याआधी दोन्ही इनलेट नळ्यांचं तापमान वहीत लिहा, आणि जुनं सील फेकू नका, तारीख आणि बाजू लिहून पुडीत ठेवा. याला शेरलॉक लागत नाही.

सुपरवायझर१

वहीत एक रकाना वाढवतो. पुडीचं बघू. :)

आवाजओळख

तेलाबद्दल कुणीच बोललं नाही. इन्टेन्सिफायरची अर्धी तब्येत तेलात असते. आमच्याकडे ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल आहे, पन्नास अंशांच्या वर गेलं की कूलर साफ करायची वेळ झाली असं समजतो. नमुना काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. खाली पाणी बसलं किंवा तेल ढगाळ राहिलं तर कूलर आतून फुटलाय का ते बघा. तेलाचा दाब २०० बार, तेलाच्या पिस्टनचं क्षेत्र प्लंजरच्या वीसपट, तिथून ४,००० येतात. तेलात १० बार हलले की पाण्यात २०० हलतात.

रात्रपाळी

ड्रेन नळी सापडली. ब्लीड-डाउन व्हॉल्व्हच्या ड्रेनला ठिबक होतं, नळी ४५ अंश. सुई आणि सीट मागवलीय. ऑरिफिस बदलला, स्ट्रोक आणखी थोडे कमी झाले. डाव्या सीलचे तास मोजतोय, वीप होल अजून कोरडं.

एक शेवटचं. काढलेली ती चेक व्हॉल्व्ह बॉडी लॅप करून (पेस्टने घासून सपाट करून) परत वापरता येईल का? रेघ खोल वाटत नाही.

जुनाफिटर

सपाट सीट असेल तर येईल. सरफेस प्लेट किंवा जाड काच, बारीक डायमंड पेस्ट, हात इंग्रजी आठच्या आकारात, मधूनमधून बॉडी फिरवत. दाब बोटांचा, तळहाताचा नाही, नाहीतर कडा गोल होतात. रेघ पूर्ण जाईपर्यंत, "जवळजवळ गेली" चालत नाही. नंतर पेस्टचा कण न कण धुऊन काढा, भोकांतून हवा मारा. लॅपने जाडी कमी होते, म्हणून उत्पादकाने दिलेलं किमान माप आधी तपासा. त्याखाली गेली तर भंगारात.

कोनात बसणारी सीट असेल तर हाताने नाद करू नका. आणि लॅप केलेली बॉडी पहिल्यांदा उजवीकडे घालू नका, ती बाजू तुमचं मोजमाप आहे. डावीकडेच घाला, नवीन बॉडी राखीव ठेवा.

रात्रपाळी

सपाटच आहे. मायक्रोमीटर शोधतो.